जीभ : ठिणगी की दिवा?



फाल्गुन-चैत्रात मोहफुले गळू लागली की आपल्या भागात पहाटेपासून टोपल्या घेऊन माणसे जंगलात जातात. पाचोळ्यात पडलेले फूल दिसत नाही, म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जाळायचे असते एका झाडाखालचे अंगणभर रान, पण वारा सुटतो आणि तीच आग डोंगर चढून जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील कितीतरी वणवे असेच लागतात. लावणाऱ्याच्या मनात जंगल जाळायचे नसते. त्याला फक्त चार फुले वेचायची असतात.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला नेमकी हीच उपमा दिली आहे. ठिणगी लहान असते, पण केवढे मोठे वन ती पेटवून देते, याकडे तो आपले लक्ष वेधतो. ही उपमा शहरातल्या माणसाला समजावून सांगावी लागेल. आपल्याला नाही. आपण तो धूर पाहिलेला आहे. म्हणून या रविवारी आपण शब्दाच्या सामर्थ्याचा अभ्यास करू या. शब्द जीवन कसे उभे करतो, शब्द जीवन कसा संपवतो, आणि प्रभूचे शिष्य म्हणून आपण आपल्या जिभेचे काय करावे, असे तीन प्रश्न आपल्यासमोर आहेत.

१. बोलणारा देव

पवित्र बायबलचे पहिले पान उघडले तर देव काय करताना दिसतो? तो बोलतो. तो म्हणतो आणि प्रकाश होतो, तो म्हणतो आणि भूमी दिसू लागते. संत योहानाचे शुभवर्तमानही शब्दापासूनच सुरू होते. तो शब्द देही झाला आणि आपल्यामध्ये राहिला, ही आपली श्रद्धा आहे. आपण देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालो आहोत, म्हणून आपल्याही शब्दात थोडे निर्मितीचे सामर्थ्य आहे. 'बरे झाले तू आलास' एवढे म्हटल्याने एखाद्याचा दिवस उजळतो. 'कशाला आलास?' एवढे म्हटल्याने तोच दिवस काळवंडतो. मरण आणि जीवन जिभेच्या हाती आहे, असे नीतिसूत्रांचा ग्रंथ (१८:२१) सांगतो, ते या अर्थाने.

प्रभू येशूचे बोलणे पाहा. उंबराच्या झाडावर चढलेल्या जक्कयाला सारे गाव पापी म्हणत होते. प्रभूने त्याला त्याच्या नावाने हाक मारली (लूक १९). बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री भीतीने थरथरत पुढे आली, तेव्हा प्रभूने तिला 'मुली' म्हटले (मार्क ५). कबरीजवळ रडणाऱ्या मरिया माग्दालेनेने पुनरुत्थित प्रभूला ओळखले, ते त्याने तिचे नाव उच्चारल्यावर (योहान २०). प्रभूने ज्यांना शब्दाने उभे केले, त्यांना आधी लोकांनी शब्दानेच पाडले होते, हे ध्यानात घ्यावे.

२. शब्दाने घेतलेले जीव

शब्दाने माणूस मरतो, ही केवळ उपमा नाही. आपल्याच जिल्ह्यांतील दोन घटना जड मनाने आठवाव्या लागतील.

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द या गावात सात जणांना भर गावात खांबाला बांधून मारहाण झाली. त्यांत स्त्रिया होत्या, वृद्ध होते. ते भानामती करतात, असा संशय होता. मे २०२४ च्या पहिल्या दिवशी गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा या गावात एक स्त्री आणि एक पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळण्यात आले. दोघेही मेले. पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली.

या दोन्ही घटनांत काठी किंवा आग ही शेवटची गोष्ट होती. पहिली गोष्ट शब्द होती. 'त्या घरात काहीतरी आहे', 'तिची नजर चांगली नाही', 'तो आला आणि लेकरू आजारी पडले' असे शब्द कोणीतरी, कधीतरी, विहिरीवर किंवा शेकोटीजवळ बोललेले असतात. बोलणारा घरी जाऊन झोपतो, पण शब्द गावात जागा राहतो आणि दुसऱ्या मृत्यूपर्यंत, दुसऱ्या आजारापर्यंत वाट पाहतो.

गडचिरोलीने आणखी एका शब्दाची दहशत कितीतरी वर्षे सोसली. 'खबऱ्या' म्हणून बोट दाखवले गेले आणि माणूस रात्री घरातून उचलला गेला. दुसऱ्या बाजूने 'नक्षलवाद्यांचा माणूस' असा शिक्का बसला आणि निरपराधाचे जगणे कठीण झाले. दोन्हीकडे पुरावा मागणारे थोडे होते, पण शब्द पुढे नेणारे पुष्कळ होते.

पवित्र शास्त्राला ही गोष्ट नवी नाही. राजांच्या पहिल्या ग्रंथात (अध्याय २१) नाबोथाची कथा आहे. राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. राणीने तलवार पाठवली नाही, तर दोन खोटे साक्षीदार उभे केले. 'याने देवाची निंदा केली' एवढेच ते म्हणाले, आणि गावानेच नाबोथाला धोंडमार केली. दानिएलच्या ग्रंथात (अध्याय १३) सुसान्नेवर दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी खोटा आळ घेतला. जमाव तिला मारायला निघाला होता. तरुण दानिएलने फक्त एक गोष्ट केली. त्याने दोन्ही साक्षीदारांना वेगळे करून एकच प्रश्न विचारला, 'कोणत्या झाडाखाली?' दोघांनी दोन वेगळी झाडे सांगितली आणि निरपराध स्त्रीचा जीव वाचला.

जिवंत माणसावर 'करणी केली' असा आळ येतो, तेव्हा गावात एक तरी दानिएल हवा. 'कोणी पाहिले? कधी? कुठे?' असे विचारणारा हवा. तो दानिएल ख्रिस्ती माणसाने व्हावे, ही प्रभूची अपेक्षा आहे. कायदाही त्याच्या पाठीशी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर राज्याने आधी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. अमुक माणूस करणी करतो, तो रोग पसरवतो किंवा अपशकुनी आहे, असे जाहीर करून त्याला त्रास देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

३. योग्य शब्द जीव वाचवतो

लेकरू का मेले, हा प्रश्न आईच्या काळजातून येतो. त्याला उत्तर हवेच असते. चुकीचा शब्द मिळाला तर शेजारणीचा बळी जातो, आणि योग्य शब्द मिळाला तर पुढचे लेकरू वाचते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथे लहान मुले मोठ्या संख्येने न्यूमोनियाने दगावत होती. डॉक्टर दूर, रस्ते वाईट. तेव्हा गावातल्याच माणसांना लेकराचे श्वास मोजायला शिकवले गेले. ज्यांना मोजणी येत नव्हती, त्यांच्यासाठी मणी असलेले साधे यंत्र तयार केले गेले. मिनिटाला किती श्वास, यावरून आजार ओळखायचा आणि औषध द्यायचे. पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेणाऱ्या गावातल्या बायका तयार झाल्या. त्या गावांतील नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

येथे काय बदलले? औषध आले, हे खरे. पण त्याआधी शब्द बदलला. ज्याला 'नजर लागली' म्हणत होते, त्याला आता 'न्यूमोनिया' म्हणू लागले. प्रत्येक आईने ही मोजणी लक्षात ठेवावी. शांत असलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तापाने लेकरू फणफणले, तर आपल्या भागात आधी मलेरियाची तपासणी करावी. घराण्यात वारंवार अंगदुखी आणि रक्त कमी होणे दिसत असेल, तर सिकलसेलची तपासणी करावी. मांत्रिकाच्या दारात गेलेला दिवस लेकराच्या आयुष्यातून वजा होतो.

आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपला दवाखाना कसा असावा, हे 'सर्च'ने आदिवासी बांधवांनाच विचारले. त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले आणि त्याची रचना गावासारखी झाली. आधी ऐकले, मग बोलले, म्हणून विश्वास बसला. आपली श्रद्धा वेगळी असली, तरी दुसऱ्याचे म्हणणे मानाने ऐकून घेण्याचा हा धडा आपणही घ्यावा.

४. नावाचे सामर्थ्य

लेवीय ग्रंथात (१३:४५) एक कठोर नियम आहे. कुष्ठरोग्याने वस्तीबाहेर राहावे आणि 'अशुद्ध, अशुद्ध' असे स्वतःच ओरडावे. समाजाने दिलेला शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःवर मारून घ्यायचा. प्रभू येशूने त्या माणसाला हात लावला आणि शुद्ध करण्याची आपली इच्छा बोलून दाखवली (मार्क १). स्पर्शाने रोग गेला आणि शब्दाने शिक्का पुसला.

आपल्या वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि थोड्याच वर्षांत खडकाळ माळावर वस्ती उभी राहिली. त्या वस्तीला रोगाचे नाव दिले नाही, 'आनंदवन' म्हटले. ज्यांना घरच्यांनी दूर लोटले होते, ते आता आनंदवनात राहणारे, शेती करणारे, विहिरी खोदणारे, वस्तू तयार करणारे झाले. नाव बदलले, तेव्हा माणसाची स्वतःकडे पाहण्याची नजरही बदलली. औषधाने कुष्ठरोग बरा होऊ लागल्यावरही शिक्का मात्र कायद्याच्या पुस्तकात राहिला होता. जोडीदाराला कुष्ठरोग आहे, हे घटस्फोटाचे कारण भारतातील कौटुंबिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आले. रोगापेक्षा शब्द चिवट असतो, तो असा.

आपणही नकळत शिक्के मारतो. 'दारुड्याचे पोर', 'सिकलवाली', 'वांझ', 'सोडून दिलेली' असे शब्द आपल्या अंगणात ऐकू येतात. ज्याच्यावर ते पडतात, त्याला पुढे आयुष्यभर वस्तीबाहेर राहिल्यासारखे वाटते.

५. सर्वांचे ऐकणारे गाव

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे देशभर ठाऊक झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याचा मार्ग मोकळा झाला.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे ती त्यांची बोलण्याची रीत. तेथे हात वर करून बहुमताने निर्णय होत नाही. सर्वसहमती होईपर्यंत बोलणे चालू राहते. एकाचेही मन वळले नसेल तर निर्णय थांबतो. स्त्रियाही बोलतात. त्याखेरीज अभ्यासगट असतो. तेथे निर्णयाची घाई नसते, विषय समजून घेतला जातो. त्यामुळे पाठीमागे कुजबुजण्याची गरज कमी होते, कारण जे म्हणायचे ते समोर म्हणता येते. कुजबूज बहुधा तेथे वाढते, जेथे उघड बोलायला जागा नसते. आपल्या धर्मग्रामाच्या सभेत, महिला मंडळात, युवा संघात आणि घराच्या ओट्यावरही अशी जागा आहे का, हे पाहावे.

६. ख्रिस्तसभेची शिकवण

आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २४७७) या आज्ञेखाली तीन पापे वेगवेगळी दाखवतो.

पहिले पाप उतावळ्या निवाड्याचे. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात दुसऱ्याला दोषी ठरवणे. तोंडातून शब्द निघाला नाही, तरी हे पाप घडते.

दुसरे पाप परनिंदेचे. दोष खरा आहे, पण ज्यांना तो माहीत नाही आणि माहीत असण्याचे कारणही नाही, त्यांना तो सांगणे. 'मी खोटे थोडेच बोलले?' ही सबब येथे चालत नाही.

तिसरे पाप कुभांडाचे. खोटे बोलून दुसऱ्याचे नाव बुडवणे आणि लोकांना त्याच्याविषयी चुकीचा निवाडा करायला लावणे.

एक खुलासा आवश्यक आहे. मुलाला किंवा स्त्रीला कोणी त्रास देत असेल, कोणी फसवणूक करत असेल, तर ते योग्य व्यक्तीला सांगणे ही निंदा नव्हे, ते कर्तव्य आहे. अशा वेळी 'कोणाविषयी वाईट बोलू नये' म्हणून गप्प बसणे हे दुर्बळाला एकटे सोडणे होय. कोणाला सांगतो आणि कशासाठी सांगतो, यावरून फरक कळतो.

हाच ग्रंथ पुढे (क्र. २४८७) भरपाईचे कर्तव्य सांगतो. चोरी केली तर वस्तू परत करावी लागते, तसेच कोणाचे नाव घेतले असेल तर तेही परत करावे लागते. प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळते, पण आळ घेतलेल्या माणसाच्या घराची पायरी चढण्याचे काम उरतेच. हे काम किती अवघड आहे, हे सावरीच्या झाडाला विचारावे. उन्हाळ्यात त्याचे बोंड फुटते आणि कापूस वाऱ्यावर रानभर उडतो. तो पुन्हा बोंडात भरता येत नाही. तरीही हाती लागेल तेवढा वेचावा. ज्या चार घरांत आपण आळ सांगितला, त्या चार घरांत जाऊन 'ते खरे नव्हते' असे सांगावे.

पोप फ्रान्सिस यांनी आपल्या कार्यकाळात कुजबुजीला अनेकदा दहशतवादाची उपमा दिली. माणूस शब्दाचा बॉम्ब टाकतो आणि निघून जातो, असे ते समजावून सांगत. आता तर तो बॉम्ब खिशात असतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेमुळे भिक्षेकरी समाजातील पाच निरपराधांना जमावाने ठार मारले. मोबाइलवर आलेला संदेश पुढे ढकलायला एक बोट पुरते. त्या बोटालाही आठवी आज्ञा लागू आहे.

७. जिभेची जाळरेषा

वणवा लागल्यावर विझवणे कठीण, म्हणून वनखाते उन्हाळ्याआधीच जंगलात जाळरेषा काढते. एक पट्टा साफ केलेला असतो. आग तेथपर्यंत येते आणि थांबते. जिभेसाठीही अशी रेषा आधीच काढावी लागते. राग आल्यावर ती सुचत नाही. बेन सिराच्या ग्रंथात (अध्याय २८) शब्द तराजूत तोलावेत आणि तोंडाला दार व कडी लावावी, असा सल्ला आहे. आपण चार रेषा काढू या.

पहिली रेषा : बोलण्याआधी तीन प्रश्न. हे खरे आहे का? हे सांगण्याची गरज आहे का? हे यालाच सांगायचे आहे का? एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर थांबावे.

दुसरी रेषा : आग आपल्यापाशी विझावी. कोणी निंदा सांगितली तर ती पुढे न्यायची नाही. 'तुम्ही त्यांच्याशी बोललात का?' एवढेच विचारावे. ऐकणारा मिळाला नाही तर निंदा उपाशी मरते.

तिसरी रेषा : घरात शिवीबंदी. 'तुझ्याकडून काही होणार नाही' हे वाक्य लेकराला रोज ऐकवले तर ते खरे करून दाखवते. त्याऐवजी दिवसातून एक तरी चांगली गोष्ट नाव घेऊन सांगावी. 'राणी, आज तू आजीला पाणी दिलेस, बरे वाटले.' सुनेला, सासूला, पतीला, पत्नीलाही हे लागू आहे.

चौथी रेषा : भाषेचा मान. आपल्या भागात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली अशा किती बोली ऐकू येतात! चांदा मिशनचे काम १९६२ मध्ये सुरू झाले, तेव्हा केरळातून आलेल्या धर्मगुरूंना मराठी शिकावी लागली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला गेले, तेव्हा त्यांनाही माडिया शिकावी लागली. दुसऱ्याची भाषा शिकणे म्हणजे त्याच्या दारात चपला काढून आत जाणे. मग कोणाच्या उच्चाराला हसणे आपल्याला शोभेल का? शाळेत माडिया बोलणाऱ्या लेकराला कोणी चिडवत असेल, तर आपल्या मुलाने त्याच्या शेजारी बसावे.

बंधुभगिनींनो, दर रविवारी आपण ज्या जिभेवर ख्रिस्तशरीर स्वीकारतो, त्याच जिभेने सोमवारी शेजाऱ्याला शाप देतो का? एकाच मुखातून स्तुती आणि शाप निघावेत हे योग्य नाही, असे संत याकोब बजावतो. ठिणगीही आगच आहे आणि दिव्याची ज्योतही आगच आहे. एक रान जाळते, दुसरी घर उजळते. कोणती आग पेटवायची, हे आपल्या हाती आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. या आठवड्यात आपल्या घरात कोणाच्या शब्दाने कोणाला उभारी मिळाली? ते एकमेकांना सांगा.
२. आपल्या वस्तीत कोणावर एखादा शिक्का बसला आहे का? तो पुसण्यासाठी आपले कुटुंब कोणती एक कृती करील?
३. उद्या गावात कोणावर करणीचा आळ आला, तर आपण काय विचाराल आणि कोणाला कळवाल?
४. कोणाचे नाव परत करायचे राहिले आहे का? याचे उत्तर मोठ्याने सांगू नका. प्रभूला सांगा आणि मग त्या घरी जा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू पित्याचा सनातन शब्द आहेस. आमच्या ओठांवर तुझा हात ठेव. ज्यांना आमच्या बोलण्याने जखम झाली, त्यांना तू बरे कर आणि त्यांच्यापुढे नम्र होण्याचे धैर्य आम्हांला दे. खोट्या आळामुळे ज्यांनी जीव गमावला, त्यांना तुझ्या शांतीत घे. जमाव पुढे सरकेल, तेव्हा प्रश्न विचारण्याचे बळ आमच्यातल्या एकाला तरी दे, आणि तो एक मीच असेन असे कर. पवित्र मरिये, तू देवाचा शब्द अंतःकरणात जपून ठेवलास, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.